कर्नाळ्यातली मे महिन्याची पहाट

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. पहाटेचे साडेपाच. रायगड जिल्ह्यात, कर्नाळ्याच्या पायथ्याशी भाताची खाचरं मोकळी पडली आहेत, कोपऱ्यात राब, म्हणजे रोपांच्या जागेवरचा पालापाचोळा, भाजल्याची राख. पाऊस अजून लांब आहे, पण पावशा पक्ष्याला कोण सांगणार! 'पेरते व्हा, पेरते व्हा...' आवाज चढतच जातो. दिसायला हुबेहूब शिक्रा, तो शिकारी पक्षी. घरटं मात्र बांधत नाही, अंडी सातभाई पक्ष्यांच्या पदरात टाकतो.

जरा थांबा. बांधापलीकडे टिटवी ओरडतेय, म्हणजे आपण फार जवळ आलोय. दुर्बिणीतून बघा. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची. नजर हलली की पुन्हा सापडत नाहीत. दुपारी ही माती चटके देते. तेव्हा टिटवी डबक्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि त्या ओल्या पोटानं येऊन अंड्यांवर बसते. नर-मादी दोघंही आळीपाळीनं. चला, मागे फिरू. आपण इथे उभे आहोत तोवर ती अंड्यांवर यायची नाही.

पुढे कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य. जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं, त्यातून मुंबई-गोवा महामार्ग गेलेला. ट्रकचे हॉर्न बराच वेळ पाठ सोडत नाहीत. मग तांबटाची टुकटुक ऐकू येते, हळद्या पिवळाधमक चमकून जातो, आणि झाडांवर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो.

आम्ही आलोय ते नवरंगासाठी. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो पावसाच्या तोंडावर इकडे घरटं करायला येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला 'सहा वाजताचा पक्षी' म्हणतात. काही जण मोबाईलवर त्याचीच शीळ वाजवून त्याला उघड्यावर बोलावतात. कृपा करून असं करू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो हातचं काम टाकून भांडायला धावतो.

आम्ही नुसते बसून राहिलो. पाऊण तास. करवंदीच्या जाळीखाली पाचोळा खसखसला. हिरवी पाठ, डोळ्यांवरून काळी पट्टी, खांद्यावर निळाईचा चट्टा. टुणकन उडी मारून वळला, तेव्हा आखूड शेपटीखालचा लालभडक रंग दिसला. चोचीत वाळकी काडी होती. ती घेऊन तो जाळीमागे गेला.

आम्ही त्या बाजूला गेलो नाही.