पेटीतला कागद आणि त्याची खरी किंमत

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या आवराआवरीत सेलूजवळच्या एका गावातून ओळखीच्या एक वहिनी माझ्याकडे आल्या. सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत, खरेदीखतांच्या खाली, त्यांना एक जाड कागद सापडला होता. कडेनं हिरवी वेलबुट्टी, कोपऱ्यात बोटाला लागणारा उठावाचा शिक्का, मधोमध इंग्रजीत पन्नास शेअर्स, दर्शनी किंमत प्रत्येकी 10 रुपये. "भाऊ, पाचशेच रुपयांचा दिसतोय. ठेवू का टाकून देऊ?"

श्रोतेहो, इथंच घात होतो. छापलेली रक्कम म्हणजे शेअरचा भाव नव्हे. समजा त्या कंपनीनं मधल्या काळात 10 रुपयांच्या शेअरचे 1 रुपयाचे दहा भाग केले, तर पन्नासाचे 500 झाले. त्यावर एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक फुकट, तर 1000. आजचा बाजारभाव या हजाराला लावायचा!

कंपनीचं नाव आज सापडलं नाही तरी लगेच हात टेकू नका. नावं बदलतात, एक कंपनी दुसरीत विलीन होते. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. कंपनी खरोखरच बुडाली असेल, तर मात्र त्या कागदाचे पैसे सहसा होत नाहीत, हेही स्पष्ट सांगतो. आपल्याकडे निजामाच्या काळातले, हैदराबाद संस्थानच्या हाली रुपयांत किंमत छापलेले कागदही निघतात. बाजारात नसला, तरी जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे अशा कागदाला मान असतो.

कंपनी चालू असेल, तर कागदावरचा फोलिओ क्रमांक, म्हणजे भागधारकाचा खाते क्रमांक, घेऊन तिच्या शेअर्सची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला पत्र लिहा. 1 एप्रिल 2019 पासून शेअर बाजारात नोंदवलेल्या कंपनीचा कागदी शेअर तसाच दुसऱ्याच्या नावावर विकता येत नाही, आधी तो डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर्स कागदाऐवजी संगणकावर ठेवणाऱ्या खात्यात, आणावा लागतो. वारसांचा हक्क मात्र शाबूत आहे. सातबाऱ्यावर वारसाचा फेरफार करतो ना, तसंच हे काम. मृत्यूचा दाखला, पॅन, बँकेनं साक्षांकित केलेली सही लागते. कागदी शेअर्सचं मूल्य एका कंपनीत 5 लाखांपर्यंत असेल, तर कोर्टाच्या वारस दाखल्याशिवाय, बाकीच्या वारसांच्या ना-हरकतीवर आणि हमीपत्रावर काम होऊ शकतं. आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. कागदावर 'नारायणराव', आधारवर 'नारायण'. दोन्ही माणसं एकच, असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं.

सलग सात वर्षं लाभांश, म्हणजे कंपनीच्या नफ्यातला वाटा, उचलला नसेल, तर शेअर्स सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातात. पुष्कळ जण इथं आशा सोडतात. सोडू नका, हक्क बुडत नाही. कंपनीकडून हक्काचं पत्र घ्यायचं आणि त्या निधीचा आयईपीएफ-5 हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. या फॉर्मला सरकारी फी नाही. म्हणून "निम्मे आम्हाला द्या, सोडवून देतो" म्हणणाऱ्याच्या हाती मूळ कागद देऊ नका, कोऱ्या फॉर्मवर सही तर मुळीच नको.

आणि हो, जपायचा म्हणून त्याला लॅमिनेशन करू नका. साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवा.

वहिनींचे शेअर्स त्या निधीतच गेलेले निघाले. सासऱ्यांच्या दाखल्याची प्रत, तिन्ही दिरांच्या सह्या, सगळं जमवून त्यांनी परवा कंपनीला रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पावती आता त्याच पेटीत, खरेदीखतांच्या वर आहे.

नमस्कार.