तारीख पुढे!

ह्या व्हिडिओत जो किनारा दिसतोय ना तो वरसोलीचा, अलिबागच्या जरा वरती, आणि मागं पाण्यात काळा दिसतोय तो कुलाबा किल्ला. लोक किल्ल्याकडं चालत जायला लागले की समजायचं वाळू आता गाडी पेलेल. हे मला मामानं शिकवलं. मामा म्हणजे अख्ख्या किनाऱ्याचा मामा, माझ्याच वयाचा, पण मला पण भाच्याच म्हणायचा.

आमची बैलगाडीची शर्यत माळावर नाय, समुद्र देईल तेव्हा होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे दशमीला साडेसातला भरती पूर्ण आणि दीडच्या सुमाराला ओहोटी पूर्ण, मग त्याच्या आगंमागं जी ओली कडक वाळू मिळते तेवढ्यात सगळं उरकायचं. हा हिशोब मामा तोंडी करायचा. कुणी घाई केली की म्हणायचा, "समुद्राला फोन लावलाय रे, उचलत नाय."

आणि त्याची एक खोड होती. गाड्या रेषेवर लागल्या, बैल फुरफुरतायत, झेंडा वर गेलाय, सगळ्यांचा श्वास अडकलाय आणि हा डावीकडच्या गाडीवरनं शांतपणे विचारणार, "भाच्या, घरचा गॅस बंद केलास ना?" झालं, माझं डोकं एक क्षण घरी, तेवढ्यात झेंडा खाली आणि मामा चार हात पुढे. किती वेळा फसलो असेन, मोजलं नाय कधी.

7 मे 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. राग आला आम्हाला, खूप आला, पण खरं सांगतो, आम्ही बैलांना काठीनं मारलंय, आणि तेव्हा हे तोंडावर बोलणारा मामा एकटाच होता. म्हणाला, "बैलांना सही करता येत नाय म्हणून वाचलो, नायतर केस त्यांनीच टाकली असती." सगळे हसले, पण त्यानंतर त्यानं हातात काठी धरली नाय ती नाय.

2017 ला राज्यानं कायदा केला, आता सुरू होणार म्हणून आम्ही गाड्या रंगवल्या, आणि ऑगस्टमधे हायकोर्टात परत अडकलं. त्याच दिवसात एका रात्री मामाचा फोन, "भाच्या, तारीख पडली!" मी ताडकन उठून बसलो, म्हटलं कधीची? "आत्ताचीच, सव्वानऊची. पांढरा खोंड हाय, कपाळावर टिकला." गाय व्याली होती, आणि खोंडाचं नाव त्यानं तारीख ठेवलं. मग रोज संध्याकाळी त्याला घेऊन किनाऱ्यावर यायचा, लोक विचारायचे काय मामा, केसचं काय झालं, तर त्या खोंडाच्या वशिंडावर हात ठेवून सांगायचा, "तारीख वाढली."

हसण्यावारी जातंय असं वाटेल, पण त्या सात वर्षांत किती गोठे रिकामे झाले ते मी बघितलंय. पेंड परवडत नव्हती. माझ्या जोडीचा पण दलालाशी सौदा ठरला होता. आदल्या रात्री मामा गोठ्यात आला, काहीच बोलला नाय, बैलाच्या मानेवर हात फिरवत बसला. जू घासून जिथं घट्टा पडतो ना, तो मऊ झाला होता, त्यावर बारीक केस उगवले होते. बराच वेळानं म्हणाला, "घट्टा परत पडंल रे. बैल गेला तर परत नाय यायचा." मी सौदा मोडला. त्याला एवढं गंभीर बोलताना मी तेव्हढंच एकदा ऐकलं.

16 डिसेंबर 2021 ला सुप्रीम कोर्टाची परवानगी आली, अटी घालून, काठी नाय, कलेक्टरची परवानगी पायजे, डॉक्टरनं बैल तपासलेला पायजे. आणि पहिल्याच शर्यतीत तारीख धावला. हा व्हिडिओ तेव्हाचा, मोबाईल हलतोय कारण काढणारा हसतोय. माईकवरचा माणूस बिचारा मनापासून ओरडतोय, "तारीख पुढे! तारीख पुढे!" आणि अख्खा किनारा पोट धरून हसतोय, आणि मामा स्वतः एवढा हसला की हातातला कासरा सैल पडला आणि दुसरा आला. त्याला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाय. 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा पण निकाल शर्यतीच्या बाजूनं लागला, तर म्हणाला, "निकाल लागला, पण तारीख आपल्याकडंच राहिली."

मागल्या श्रावणात मामा गेला, झोपेतच. तारीख आता त्याचा पोरगा हाकतो.

पाऊस सरल्यावर पहिली शर्यत लागली, दशमी होती, दीडची ओहोटी. तारीख त्या दिवशी दुसऱ्या गटात होता, माझ्या डावीकडं रेवदंड्याची गाडी होती. बैल फुरफुरत होते. झेंडा वर गेला, मी सवयीनं डावीकडं बघितलं, आणि सुटायला परत उशीर झाला.