मनगटाचं प्लास्टर निघालं, पुढे काय?

(कोथरूडमधल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

पन्नाशीनंतर ज्यांचं मनगट मोडलंय, त्यांनी जरा हात वर करा. बरेच आहेत. आता प्लास्टर काढल्यावर ज्यांना हाडांची घनता तपासायला सांगितलं, तेवढ्यांनीच हात वर ठेवा. दोन राहिले. जे हात खाली गेले, त्यांच्यासाठी मी आज आले आहे.

माझ्या आत्याचं असंच झालं. सदाशिव पेठेतलं जुनं घर, पावसाळ्याचे दिवस. मोरीतून बाहेर येताना ओल्या शहाबादीवर पाय सरकला, तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं, पुन्हा पोळ्या लाटायला लागली. सगळे म्हणाले, फरशी ओली होती. मीही तेच म्हणाले. तेव्हा मी हाडांची डॉक्टर झालेले होते, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. तीन वर्षांनी रात्री बाथरूमला उठली, पायपुसण्यात पाय अडकला, खुबा मोडला.

उभ्या उंचीवरून, घरातल्या घरात पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर हाड ठिसूळ झालंय का हे तपासायलाच हवं. असं एक फ्रॅक्चर झालं की पुढच्याचा धोका साधारण दुप्पट होतो, आणि पहिली दोन वर्षं सगळ्यात जोखमीची.

मणक्याला तर पडावंही लागत नाही. बादली उचलली, रिक्षा खड्ड्यात आदळली, पाठीत कळ आली. आपण म्हणतो उसण भरली, आणि शेकत बसतो. पुष्कळांचा मणका असा दबतो आणि कुणाला पत्ताच नसतो. मग नेहमीच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागतात, पोक येतं. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरनं कमी झाली असेल, तर मणक्याचा एक्स-रे काढा.

आता खुब्याचं. आत्याच्या वेळी घरात चर्चा झाली, ‘या वयात ऑपरेशन कशाला? झोपून राहू दे, जुळेल.’ मंडळी, धोका त्या झोपून राहण्यातच असतो. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायाच्या शिरेत गुठळी होते. तब्येतीनं साथ दिली तर 36 ते 48 तासांत हाडात रॉड टाकायचा किंवा खुब्याच्या सांध्याचा बॉल बदलायचा, आणि दुसऱ्या दिवशी उभं करायचं. हृदयाचे, मधुमेहाचे डॉक्टर पहिल्या दिवसापासून सोबत हवेत, कारण म्हातारपणी नुसतं हाड मोडत नाही, अख्खं शरीर हादरतं.

ऑपरेशन झालं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. तिथेच गाडी थांबते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये 1999 साली एक साधी व्यवस्था सुरू झाली. पन्नाशीपुढचा फ्रॅक्चरचा प्रत्येक रुग्ण परिचारिकेनं हेरायचा, घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, करून घ्यायची, औषध सुरू करायचं. आपल्याकडे ही परिचारिका घरातल्या कुणालातरी व्हावं लागेल.

‘कॅल्शियम घेते ना मी!’ हे मी रोज ऐकते. घ्याच. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम असतं, दूध, तीळ आहेतच. ड जीवनसत्त्वासाठी ऊन हवं, पण बंद खिडकीच्या काचेआड बसून ते मिळत नाही. मात्र एकदा हाड मोडल्यावर एवढ्यानं भागत नाही. हाडांची झीज रोखणारं औषध लागतं. आठवड्याची गोळी असते, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड असतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते दिलेल्या रुग्णांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. औषध न दिलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात नवी फ्रॅक्चर्स 35 टक्क्यांनी आणि मृत्यू 28 टक्क्यांनी कमी होते. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन मात्र परस्पर बंद करू नका. बंद केल्यावर मणके पटापट दबलेले मी पाहिले आहेत.

आत्या वॉकरवर घरी आली, पुढे काठीवर. ते पायपुसणं तिनं स्वतःच बाहेर टाकलं.

प्रश्नोत्तरांआधी एक करा. दाराशेजारच्या भिंतीवर पट्टी लावली आहे. चपला काढा, टाचा भिंतीला टेकवा आणि उंची मोजून घ्या. आकडा जुन्या पासपोर्टच्या किंवा लग्नाच्या वेळच्या उंचीशी ताडून बघा.