घरच्या दुर्बिणीतून गुरू धूसर का दिसतो?

नमस्कार. "सर, ६ इंची आरसा घरी घासून दुर्बीण केली, पण गुरूचे पट्टे धूसर दिसतात, ८ इंची करू का?" हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की आज केवळ त्याचेच उत्तर देतो. नवा आरसा घासायला घेऊ नका. आहे तो आधी थंड होऊ द्या.

कोलिमेशन, म्हणजे दुर्बिणीतले आरसे एका रेषेत जुळवणे, आपल्याला येते असे धरून चालतो. आरशाचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर असेल, तर ग्रहांसाठी ३२ मिलिमीटरचा दुय्यम आरसा (प्रकाश डोळ्याकडे वळवणारा छोटा तिरपा आरसा) पुरतो. उगाच मोठा बसवला, तर पट्ट्यांचा उठाव कमी होतो.

आता खरे दुखणे. खोलीतून गच्चीवर आणलेली इंचभर जाडीची काच तासभर तरी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि तिच्या पृष्ठभागावर उबदार हवेचा जो थर सतत हलत असतो, त्यातूनच सगळा प्रकाश दोनदा जातो. विश्वास बसत नसेल, तर एखादा ठळक तारा मुद्दाम फोकसबाहेर न्या आणि नळीच्या तोंडासमोर हात धरा. प्रकाशाच्या चकतीत हाताची सावली दिसेलच, शिवाय बोटांवरून धुरासारखे लोट उठताना दिसतील. तळहाताची ऊब एवढा गोंधळ घालते, तर काचेचे काय?

मी स्वतः एका हिवाळ्यात आरसाच बिघडला असे समजून तो पुन्हा पॉलिश करायला निघालो होतो. त्या रात्री आळसाने दुर्बीण गच्चीवरच राहिली आणि पहाटे सहज डोळा लावला, तर त्याच आरशातून गुरूच्या पट्ट्यातून विषुववृत्ताकडे झुकलेल्या निळसर रेषा स्वच्छ दिसल्या.

पहाटेपर्यंत थांबवत नसेल, तर आरशामागे संगणकातला १२ व्होल्टचा पंखा लावा. "पंख्याने प्रतिमा हलते, चुकीची माहिती देऊ नका," असे एका प्रेक्षकांनी ठणकावून लिहिले होते. फोटो मागवला, तर पंखा चार स्क्रूंनी नळीला आवळलेला! तो रबरबँडांवर टांगायचा असतो. एवढे करूनही गुरू थरथरत असेल, तर तो शेजारच्या घराच्या तापलेल्या स्लॅबच्या अगदी वर तर दिसत नाही ना, ते पाहा आणि त्याला आकाशात आणखी वर येऊ द्या.