नेल्सनचा उजवा डोळा

नमस्कार मंडळी. आज जो इंग्लिश वाक्प्रचार घेतलाय तो तुमच्यापैकी बरेच जण रोज वापरत असतील, टर्न अ ब्लाइंड आय. आपल्याकडे म्हणतात कानाडोळा करणं. दिसत असून बघायचं नाही. पुन्हा सांगते, दिसत नाही असं नाही हं, दिसतंय, पण बघायचं नाही असं ठरवलंय. आणि कानाडोळ्यात ऐकायचा कान नाहीये बरं का, तो काणा आहे, काणा म्हणजे एका डोळ्याने आंधळा, मूळ शब्द काणाडोळा. म्हणजे इतक्या लांबच्या दोन भाषांना एकच आंधळा डोळा सुचला, मला याचा फार आनंद होतो.

शाळेत वाक्प्रचार तक्त्यातून पाठ करून घेतात, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. त्यापेक्षा एक गोष्ट सांगा मुलांना, जन्मभर विसरणार नाहीत, हे माझं ठाम मत आहे. तर गोष्ट ऐका.

२ एप्रिल १८०१, कोपनहेगन, म्हणजे डेन्मार्कची राजधानी. ब्रिटिश आरमाराला डोलकाठ्यांचं लाकूड, डांबर, दोरखंडाचा माल सगळं बाल्टिकच्या बाजूने यायचं, आणि तिकडे रशिया, डेन्मार्क, स्वीडन, प्रशिया एक झाले की ब्रिटिशांनी आमची जहाजं अडवून झडती घ्यायची नाही. म्हणून ब्रिटिश चालून गेले. मोठे साहेब अॅडमिरल हाइड पार्कर, ते मागे लांब थांबले, आणि हाताखालचा नेल्सन १२ मोठी जहाजं घेऊन उथळ पाण्यात शिरला, त्यातली ३ लगेच रुतून बसली. नेल्सनचा उजवा डोळा १७९४ साली कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात निकामी झालेला, उजवा हात १७९७ मधे गेलेला. (चित्रांमधे त्याच्या डोळ्यावर काळी पट्टी दाखवतात ना, ती त्याने कधी लावलीच नव्हती, डोळा बाहेरून बरा दिसायचा, ही चित्रं फॉरवर्ड करणं बंद करा प्लीज.)

सकाळी दहाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या त्या दुपारी एक वाजून गेला तरी चालूच, डॅनिश लोक हटेनात. लांबून पार्करना वाटलं आपली माणसं मरतायत, आणि त्यांनी निशाण चढवलं, नंबर ३९. नंबर ३९ म्हणजे लढाई थांबवा. नेल्सनच्या एलिफंट जहाजावर अधिकाऱ्याने येऊन सांगितलं, तर हा विचारतो, आपलं १६ नंबरचं अजून वर आहे ना? १६ म्हणजे जवळ भिडून लढा. आहे म्हटल्यावर म्हणाला, तसंच राहू द्या. मग येरझाऱ्या घालायला लागला, अर्धा तुटलेला हात हलवत, आणि जहाजाचा कॅप्टन फोली शेजारी होता त्याला म्हणाला, फोली, मला एकच डोळा आहे, कधीतरी आंधळं असायचा हक्क आहे मला. आणि दुर्बीण लावली. कुठल्या डोळ्याला? उजव्या. निकामी डोळ्याला! आणि म्हणाला, मला खरंच ते निशाण दिसत नाहीये.

ही हकीकत त्याच जहाजावर असलेल्या कर्नल स्ट्युअर्टने सांगितलेली. त्याच दिवशी डॅनिश बाजूने लढाई थांबवायला मान्यता दिली, पुढच्या महिन्यात पार्करना परत बोलावलं आणि ताफा नेल्सनकडे आला. काही इतिहासकार म्हणतात ३९ म्हणजे हुकूम नव्हता, गरज पडली तर माघार घे अशी मोकळीक होती. वाक्प्रचारही त्याच्या शंभर वर्षं आधीपासून इंग्लिशमधे लिहिला जात होता. पण लोकांच्या मनात तो बसला या दुर्बिणीमुळेच.

मला मात्र दरवेळी आठवतो तो कॅप्टन रियू. लहान जहाजांचा प्रमुख, तोफांच्या माऱ्यात अडकलेला, त्याला ३९ नंबर दोन्ही डोळ्यांनी दिसला आणि त्याने तो पाळला, जहाजं वळवली. वळवताना म्हणाला, नेल्सन आपल्याला काय म्हणेल? आणि थोड्याच वेळात तोफेच्या गोळ्याने तो तिथेच गेला.

पुढच्या वेळी बॉयकॉट या शब्दाची गोष्ट, आयर्लंडमधली. नमस्कार.