आधी नोंद, मग अंदाज

(पहाट. वेधशाळेचं अंगण.)

टीव्हीवर अर्ध्या मिनिटात उरकणारा हवामानाचा अंदाज इथून निघतो. फटीफटींची ही पांढरी पेटी म्हणजे स्टीव्हन्सन पेटी. आत वारा खेळतो, ऊन शिरत नाही. उत्तर गोलार्धात तिचं दारही उत्तरेकडेच ठेवतात, म्हणजे उघडलं तरी तापमापकावर ऊन पडत नाही.

आता निरीक्षकाचे डोळे पाहा. पारा आधी दशांशात वाचायचा, पूर्ण अंश नंतर. कारण समोर माणूस उभा राहिला की त्याच्या अंगाच्या उबेनं आणि श्वासानं शेवटचा आकडा हलायला लागतो. शेजारच्या तापमापकाच्या टोकाला ओली मलमल गुंडाळली आहे. तिच्यातलं पाणी वाळताना पारा खाली येतो. दोन्ही तापमापकांत जितका फरक कमी, तितकी हवा दमट. आज फरक फारच थोडा आहे.

मग मान वर. आकाशाचे मनानेच आठ भाग करायचे आणि किती भाग ढगांनी भरलेत ते लिहायचं. हे काम नजरेचं, आणि ती तयार व्हायला वर्षं जातात.

(जुनी चित्रं.)

१८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. शेकडो माणसं बुडाली. त्यानंतर ब्रिटिश नौदल अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी किनाऱ्यावरच्या ठाण्यांकडून तारेनं नोंदी मागवायला सुरुवात केली. १८६१ मध्ये बंदरांना वादळाचे इशारे जाऊ लागले, आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रात रोजचा अंदाज छापून आला. तेव्हाही मूळ भांडवल हेच होतं: ठिकठिकाणी, ठरल्या वेळी, कुणीतरी घेतलेली नोंद.

(फुगा सुटतो.)

जगभरातली शेकडो केंद्रं जागतिक वेळेनुसार शून्य आणि बारा वाजताच्या नोंदीसाठी असे फुगे सोडतात. सोडताना दीडेक मीटरचा असलेला फुगा वर हवा विरळ होत गेली की फुगत जातो आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो. खाली लोंबणारी डबी वाटेतलं तापमान, दमटपणा आणि वारा कळवत राहते. जमिनीलगत उबदार, दमट हवा आणि वर गार हवा असेल, तर खालची हवा उसळी घ्यायला तयारच असते. पुढचं गणित संगणक करतो. पण वादळी ढगाचा एकेक पुंजका बहुधा तासाभरात उभा राहून विरतो. तो नेमका कुठे फुटेल, हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही.

(दुपार. ढग चढतोय.)

फुलकोबीसारखी ही कड पाहा. जोवर ती रेखीव आहे, तोवर ढग वाढतोय. माथा आता ऐरणीसारखा पसरला. म्हणजे वर जायला जागा संपली.

रडारच्या पडद्यावर हिरवा रंग म्हणजे रडारकडे येणारा वारा, लाल म्हणजे दूर जाणारा. दोन्ही चिकटून दिसले की खोलीतलं बोलणं थांबतं: ढग स्वतःभोवती फिरत असू शकतो. पण रडारलाही मर्यादा आहे. पृथ्वी गोल आणि झोत किंचित वर रोखलेला, त्यामुळे शंभर किलोमीटरवर सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचावरून जातो. त्याच्याखाली काय चाललंय, ते तिथे उभ्या असलेल्या माणसालाच विचारावं लागतं. हा फोन त्यासाठीच: गारा पडतायत का, वाऱ्यानं दिशा बदलली का?

इशारा गेला. मैदानं रिकामी झाली. झाडं पडली, तारा तुटल्या.

(स्वयंचलित केंद्र.)

हे यंत्र थकत नाही, सुट्टी मागत नाही आणि दर काही मिनिटांनी आकडे पाठवतं. जिथे माणूस राहू शकत नाही, तिथे ते हवंच. पण जिथे निरीक्षक आहे, तिथे त्याची जागा रिकामी करून हे बसवणं म्हणजे काटकसर नव्हे. ढगाचा माथा कधी पसरला, हे यातली बरीच यंत्रं अजून सांगत नाहीत.