खुलासा ऐकताना

नमस्कार, श्रोतेहो.

'कोणत्याही कंपनीसाठी लॉबिंग करायला मी एक पैसाही घेतलेला नाही. हे आरोप राजकीय हेतूने केलेले आहेत.' लॉबिंग म्हणजे एखाद्याच्या फायद्यासाठी सरकारदरबारी वजन वापरणे. एखाद्या खासदाराचे असे निवेदन आले की त्यातला राजकीय हेतूचा भाग बाजूला ठेवा, कारण तो तपासता येत नाही. पहिल्या वाक्यात मात्र तीन प्रश्न दडलेले असतात: पैसे आले का, कशासाठी आले, आणि ते जाहीर केले होते का? यांतली कोणती गोष्ट नाकारली जाते आहे, ते आधी पाहायचे. 'लॉबिंगसाठी घेतले नाहीत' याचा अर्थ 'घेतलेच नाहीत' असा होत नाही. सल्लाशुल्क, वकिलीची फी, संचालकपदाचे मानधन, कुटुंबातल्या माणसाच्या फर्मला दिलेले काम हे सगळे त्या वाक्याच्या बाहेर राहते.

हा प्रश्न प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. 1951 साली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेतल्याचा आरोप झाला. 8 जूनला चौकशी समिती नेमली गेली. समितीने त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते तपासले: विचारलेले प्रश्न, वायदेबाजाराच्या विधेयकाला सुचवलेल्या दुरुस्त्या, मंत्र्यांच्या घडवून आणलेल्या भेटी. समितीची ही पद्धत मला आजही सर्वांत भरवशाची वाटते. पैशाला कोणतेही नाव देता येते, पण प्रश्न आणि दुरुस्त्या संसदेच्या दप्तरात तारखेसह राहतात.

आज हे काम घरबसल्या करता येते. लोकसभा आणि राज्यसभेच्या संकेतस्थळांवर सदस्याच्या नावाने प्रश्न शोधा. एकाच उद्योगाबद्दल किंवा एकाच प्रतिस्पर्ध्याबद्दल वारंवार प्रश्न आलेत का, ते पाहा. इथे एक चूक हमखास होते. आरोपातली पैशांची तारीख आणि उत्तराची तारीख लोक शेजारी ठेवतात, आणि 'पैसे तर नंतर आले' असे म्हणून विषय सोडून देतात किंवा उलट घाईने निष्कर्ष काढतात. प्रश्नाची सूचना साधारण 15 दिवस आधी द्यावी लागते. म्हणून उत्तराच्या तारखेपासून निदान तेवढे मागे जाऊन तुलना करा. अर्थात, आपल्या मतदारसंघातल्या उद्योगाविषयी प्रश्न विचारणे हे खासदाराचे कामच आहे. नुसत्या विषयावरून कुणी दोषी ठरत नाही.

2005 साली संसदेत प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल 11 खासदारांची हकालपट्टी झाली, 10 लोकसभेतले आणि एक राज्यसभेतला. तेव्हा सह्या केलेले कोरे प्रश्नफॉर्म मध्यस्थांच्या हाती पोचत असल्याचे उघड झाले. आता सूचना संगणकावरून जातात, त्यामुळे कोऱ्या फॉर्मची जागा पासवर्डने घेतली आहे. 'प्रश्न मी लिहिलाच नाही' हा बचाव म्हणून तोकडा पडतो. सही किंवा लॉगिन सदस्याचे असेल, तर प्रश्नही त्याचाच.

'पैसे घेतले असतील, पण काम केले नाही' हाही मार्ग आता बंद आहे. 4 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, लाच घेऊन मत दिलेल्या खासदारांना संरक्षण देणारा स्वतःचा 1998 चा निकाल बाजूला सारला. मत किंवा भाषण यांच्यासाठी घेतलेल्या लाचेला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण मिळत नाही, आणि लाच स्वीकारताच गुन्हा पूर्ण होतो, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

राहिला 'जाहीर केले होते का' हा प्रश्न. इथेच आपली व्यवस्था सर्वांत कच्ची आहे. राज्यसभेत हितसंबंधांची नोंदवही आहे. तिच्यात मानधनाचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, कंपनीवर ताबा देणारे भागभांडवल, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम असे पाच रकाने आहेत. सदस्याने शपथेनंतर 90 दिवसांत ते भरायचे असतात. माहितीच्या अधिकारात तपशील मागताना सल्लागारीचा रकाना आणि त्यातले नंतरचे बदल स्वतंत्रपणे मागा. नुसती 'नोंद द्या' असे लिहिले, तर पहिलाच कागद हाती पडण्याची शक्यता असते.

लोकसभेत मात्र मालमत्ता आणि देणी कळवावी लागतात, हितसंबंधांची अशी नोंदवही नाही. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना 26 प्रतिज्ञापत्रात पाच वर्षांचे उत्पन्न आणि उत्पन्नाचे स्रोत असतात, पण तो निवडणुकीच्या वेळचा हिशेब. निवडून आल्यावर सुरू झालेली सल्लागारी त्यात कुठून दिसणार? लॉबिंग करणाऱ्यांनी नाव नोंदवावे, असा कायदाही आपल्याकडे नाही. त्यामुळे लोकसभेचा सदस्य 'नियमाप्रमाणे सांगायचे ते सगळे सांगितले आहे' असे म्हणतो, तेव्हा ते अक्षरशः खरे असू शकते आणि तरीही पैसे आलेले असू शकतात. अशा वेळी त्याला नियम पाळले का, हे विचारू नका. त्या काळात कोणाकडून, किती आणि कोणत्या कामासाठी मोबदला मिळाला, एवढेच विचारा. जो निर्दोष आहे, त्याला हे सांगायला एक पान पुरते.

मुदगल प्रकरणात समितीने त्यांचे वर्तन सभागृहाच्या प्रतिष्ठेला बाधक ठरवले. 24 सप्टेंबर 1951 रोजी हकालपट्टीचा ठराव पंतप्रधान नेहरूंनी मांडला. त्यावर मतदान होण्याआधीच मुदगलांनी राजीनामा दिला. सभागृहाने विषय तिथे संपवला नाही. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेला ठराव संमत झाला: ते हकालपट्टीलाच पात्र होते, आणि राजीनाम्याच्या पत्रातली भाषा हा सभागृहाचा अवमान होता, अशी नोंद त्यात झाली.